क्वारंटाइन टाकीतील अमोनिया : तांब्याचे औषध चालू असताना घ्यावे लागलेले निर्णय

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाण्यातील एका कुटुंबाचे आहे. त्यांच्या घरी खाऱ्या पाण्याची 450 लिटरची मुख्य टाकी आहे. आदल्या वर्षी तपासणीविना सोडलेल्या एका माशाबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा परजीवी, या टाकीत शिरला आणि काही आठवड्यांत तिच्यातील सर्व मासे दगावले. हा परजीवी माशाच्या अंगावरून गळून तळाशी कोष करून राहतो. मासा मिळाला नाही की कोषातून बाहेर पडलेली पिल्ले मरून जातात. म्हणून कुटुंबाने मुख्य टाकी अडीच महिने माशांविना ठेवली. त्या काळात तिच्यात क्लीनर श्रिंप आणि गोगलगाई एवढेच जीव होते आणि त्यांना दोन-तीन दिवसांआड चिमूटभर खाद्य मिळत असे. या मजकुरात पुढे जे घडले त्याचे मूळ या शांत अडीच महिन्यांत आहे, म्हणून ही गोष्ट सुरुवातीलाच नोंदवतो.

नवा मासा यापुढे विलगीकरणातूनच मुख्य टाकीत जाईल, असे घरात ठरले. त्यासाठी 75 सें.मी. लांब, 40 सें.मी. रुंद आणि 40 सें.मी. उंच अशी काचेची टाकी घेऊन तिच्यात 100 लिटर पाणी भरले. तळाशी वाळू नाही, दगड नाही, लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे, एक हीटर, एक लहान पॉवरहेड (पाणी फिरते ठेवणारा पंप) आणि एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, अशी साधी रचना होती. वाळू आणि दगड न ठेवणे योग्यच होते, कारण चुनखडीचे पदार्थ पाण्यातले तांबे शोषून घेतात आणि मग औषधाची मात्रा कधीच स्थिर राहत नाही. तापमान 26 अंश, क्षारता (पाण्यातले मिठाचे प्रमाण) हजारी 35 आणि पीएच 8.2 होता. स्पंज तीन आठवडे मुख्य टाकीच्या संपमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत, ठेवलेला होता आणि त्यावर नायट्रीकरण करणारे, म्हणजे माशांपासून येणारा अमोनिया संपवणारे, जिवाणू वाढले असतील असे गृहीत धरण्यात आले होते.

एका शनिवारी संध्याकाळी चार मासे आले : क्लाउनफिशची जोडी, सुमारे आठ सें.मी. लांबीचा एक ब्लू टँग आणि एक फायरफिश. रविवारपासून परजीवी मारणारे, चिलेटेड (दुसऱ्या रेणूशी बांधलेल्या) प्रकारातले तांब्याचे औषध सुरू झाले. या प्रकारात उपचाराची मात्रा लिटरला 2 ते 2.5 मिलिग्रॅम असते. मासे एकदम दचकू नयेत म्हणून ती रोज अर्ध्या मिलिग्रॅमने वाढवायची होती. मंगळवारी संध्याकाळी डिजिटल मापकावर 1.5 हा आकडा आला.

समस्या

मंगळवारी रात्री ब्लू टँग एअर स्टोनच्या बुडबुड्यांजवळ, पाण्याच्या अगदी वरच्या थरात थांबलेला दिसला. त्याचे कल्ले मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा हलत होते. क्लाउनफिशची जोडी कोपऱ्यात सुस्त होती आणि फायरफिश पाइपमधून बाहेर येतच नव्हता. गृहिणींनी टेस्ट किटने अमोनिया तपासला तेव्हा रंग 1 च्या खुणेच्या थोडा पुढे, म्हणजे अंदाजे सव्वा मिलिग्रॅमचा आला. त्याच वेळी त्यांनी मला फोन केला.

पहिली पाच मिनिटे हा आकडा समजून घेण्यात गेली आणि ती वाया गेली नाहीत. खाऱ्या पाण्यावर वापरल्या जाणाऱ्या अनेक रंगाच्या किट अमोनिया नसतानाही हलकी हिरवट छटा दाखवतात. म्हणून त्यांना नव्याने मिसळलेल्या, तेवढेच तांबे घातलेल्या खाऱ्या पाण्यावर तीच चाचणी करायला सांगितले. त्या कोऱ्या नमुन्याने पाव मिलिग्रॅम दाखवले. ते वजा केले तर टाकीतला खरा अमोनिया लिटरला सुमारे 1 मिलिग्रॅम होता.

हा 1 मिलिग्रॅमही एकूण अमोनियाचा आकडा आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन माशाला फारसा त्रास देत नाही, पण मुक्त अमोनिया कल्ल्यांतून सहज आत शिरतो. दोहोंचे प्रमाण पीएच आणि तापमान ठरवतात. पीएच 7 असलेल्या गोड्या पाण्यात मुक्त अमोनियाचा वाटा एक टक्क्याहून कमी असतो, तर 8.2 पीएचच्या, 26 अंशांच्या समुद्री पाण्यात तो सुमारे 6 ते 7 टक्के होतो. म्हणजे या टाकीत मुक्त अमोनिया लिटरला 0.06 ते 0.07 मिलिग्रॅम होता. जलसंवर्धनात तो दीर्घकाळ 0.02 च्या खाली ठेवावा असे मानतात आणि 0.05 च्या आसपास कल्ल्यांना इजा सुरू होते असे धरले जाते. गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनातून आलेल्या माणसाला 1 हा आकडा ‘थोडा जास्त’ वाटू शकतो. समुद्री टाकीत तो तातडीचा असतो.

हा अमोनिया आला कुठून, याचे उत्तर खाद्याच्या हिशेबात मिळाले. रविवार ते मंगळवार रोज साधारण एक ग्रॅम कोरडे पेलेट दिले जात होते. त्यात 45 टक्के प्रथिने असतील तर एका ग्रॅममध्ये 450 मिलिग्रॅम प्रथिने येतात आणि प्रथिनांच्या वजनाचा सुमारे 16 टक्के भाग नायट्रोजन असल्याने 72 मिलिग्रॅम नायट्रोजन टाकीत जातो. त्याचा निम्मा जरी कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन बाहेर पडला, तरी 100 लिटरमध्ये रोज 0.36 मिलिग्रॅम प्रति लिटर इतकी भर पडते. तीन दिवसांची बेरीज 1 च्या किंचित वर जाते. चाचणीचा आकडा आणि हा हिशेब इतके जुळले, की स्पंज जवळजवळ काहीच काम करत नव्हता असा निष्कर्ष काढावा लागला.

तीन आठवडे संपमध्ये राहिलेला स्पंज निकामी का ठरला? ज्या टाकीत मासे नाहीत आणि खाद्यही चिमूटभर पडते, तिच्यात अमोनिया तयार होतो तोच थोडा. जिवाणू त्यांना मिळणाऱ्या अमोनियाच्या प्रमाणात वाढतात आणि जो थोडा अमोनिया उपलब्ध होता तो जुन्या दगडांवरच्या वसाहती आधीच संपवत होत्या. स्पंज पाण्यात होता, पण त्याला पोसायला काही नव्हते. ठेवल्याचे दिवस मोजून स्पंजची ताकद कळत नाही, हे या प्रकरणातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे निरीक्षण आहे. त्यातच तांब्यामुळे या जिवाणूंची वाढ मंदावते, त्यामुळे रविवारनंतर उरलीसुरली शक्यताही आक्रसली होती.

विचारात घेतलेले पर्याय

जलद श्वासाला अमोनिया हे एकच कारण असू शकत नव्हते. तांब्याची मात्रा झपाट्याने वाढली तरी मासे धापा टाकतात. कल्ल्यांत परजीवी असले तरीही तेच दिसते आणि त्यातला मरीन वेल्व्हेट, म्हणजे अमायलूडिनियम, तर अंगावर काही दिसण्याआधीच कल्ल्यांवर हल्ला करतो. तिन्ही कारणांचे उपाय परस्परांना छेद देणारे होते. अमोनिया असेल तर पाणी बदलावे, तांबे असेल तर ते कमी करावे, वेल्व्हेट असेल तर तांबे कमी करणे म्हणजे माशाला मारणे. निदानासाठी गोड्या पाण्यात माशाला काही मिनिटे बुडवून पाहण्याचा विचार झाला, पण धाप लागलेल्या माशाला जाळ्यात पकडण्याचा ताण नको म्हणून तो सोडून दिला.

घरात अमोनिया बांधून ठेवणाऱ्या द्रवाची बाटली होती आणि घरातल्या प्रत्येकाचा हात आधी तिच्याकडेच गेला होता. तो पर्याय मी पहिल्यांदा बाद केला. असे द्रव क्षपणकारक असतात. ते तांब्याचे रूप बदलून ते माशांसाठी अधिक विषारी करू शकतात आणि तांब्याच्या औषधांच्या काही उत्पादकांनी त्यांच्यासोबत ते वापरू नये असे स्पष्ट बजावले आहे. औषध नसलेल्या टाकीत ही बाटली उत्तम तात्पुरता उपाय ठरली असती. तांबे सुरू केले त्या दिवशी हा दरवाजा बंद झाला होता.

झिओलाइटची पिशवी टाकावी का, असे कुटुंबाने विचारले. गोड्या पाण्यात झिओलाइट अमोनियम पकडते, पण समुद्री पाण्यातला सोडियम प्रचंड प्रमाणात असल्यामुळे त्याच्या जागा सोडियमच अडवून बसतो आणि अमोनिया तसाच राहतो. सक्रिय कार्बन अमोनिया काढत नाही, तांबे मात्र काढतो. मासे थेट मुख्य टाकीत हलवले असते तर अमोनियाचा प्रश्न तासाभरात संपला असता, पण अडीच महिने राखलेली टाकी पुन्हा परजीवीच्या स्वाधीन करण्याचा धोका होता आणि तो घ्यायला कुटुंब तयार नव्हते.

पीएच उतरवण्याचा पर्याय कागदावर आकर्षक दिसतो. पीएच 8.2 वरून 7.8 वर आणला तर मुक्त अमोनियाचा वाटा निम्म्याहून खाली येतो. परंतु आम्ल घालून समुद्री पाण्याची पीएच स्थिर ठेवण्याची शक्ती मोडायची, आधीच दमलेल्या माशाला आणखी एका बदलाला तोंड द्यायला लावायचे आणि नंतर पीएच वर चढताना तोच अमोनिया पुन्हा विषारी होताना पाहायचे, हे मला पटले नाही. एकूण अमोनिया तितकाच ठेवून त्याचे रूप तेवढे बदलण्याने काही साधत नव्हते.

राहिला पाणी बदलण्याचा मार्ग. पिंपात 50 लिटर तयार खारे पाणी होते. ते मुख्य टाकीच्या नेहमीच्या बदलासाठी आदल्या दिवशी मिसळून, हवा देऊन ठेवलेले असल्यामुळे ते ताबडतोब वापरता येत होते. ते वापरल्यावर अमोनिया 1 वरून 0.5 वर आला असता, पण मुक्त अमोनिया तरीही 0.03 च्या आसपास राहिला असता. दुसऱ्या बदलासाठी पाणी नव्हते आणि आरओ यंत्रातून पुरेसे पाणी मिळायला सकाळ उजाडली असती.

निर्णय आणि कृती

दुसऱ्या बदलासाठी मुख्य टाकीचेच पाणी घ्यायचे ठरले. अडीच महिने मासा नसल्यामुळे त्या पाण्यात परजीवी असण्याची शक्यता फार कमी होती, अमोनिया शून्य होता, तापमान आणि क्षारता जवळपास तीच होती. पाणी एकाच दिशेने जाणार होते, त्यामुळे मुख्य टाकीला धोका नव्हता. अडचण एवढीच होती, की 50 लिटर काढल्यावर संपची पातळी घसरून रिटर्न पंप, म्हणजे संपमधले पाणी टाकीत परत पाठवणारा पंप, कोरडा पडला असता. म्हणून रात्रीपुरता रिटर्न पंप बंद ठेवून मुख्य टाकीत फक्त पॉवरहेड चालू ठेवले आणि सकाळी आरओ पाण्यात मीठ मिसळून ते नीट विरघळल्यावर टाकी भरून काढली.

यापेक्षा कठीण निर्णय वेगळाच होता. बदललेल्या पाण्यात तांबे घालायचे की नाही? न घातल्यास पहिल्या बदलानंतर मात्रा 0.75 आणि दुसऱ्यानंतर त्याच्याही निम्मी झाली असती. त्रास तांब्यामुळे असेल तर माशाला दुहेरी आराम मिळाला असता. पण मग सकाळी मासा सुधारला तरी तो कशामुळे सुधारला हे कळले नसते आणि कल्ल्यांत वेल्व्हेट असेल तर त्याला मोकळे रान मिळाले असते. मी दोन्ही वेळा नव्या पाण्यात 1.5 च्या हिशेबानेच तांबे घालून मग ते टाकीत ओतण्याचा सल्ला दिला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यामागचा विचार होता. इथे जाणकारांत मतभेद होऊ शकतात. फक्त ब्लू टँगच नव्हे तर चारही मासे वर आले असते, तर मीही तांबे कमी करण्याकडे झुकलो असतो.

मात्रा 1.5 वर थांबवून पुढची वाढ स्थगित केली. ही मात्रा उपचाराला पुरेशी नसल्याने उपचाराचे दिवस अजून मोजायचे नाहीत, हे वहीत ठळक लिहून ठेवायला सांगितले. खाद्य दोन दिवस पूर्ण बंद केले. दुसरा एअर स्टोन लावला, कारण 26 अंशांच्या समुद्री पाण्यात विरघळलेला प्राणवायू पूर्ण भरला तरी लिटरला साधारण 6.7 मिलिग्रॅमच असतो आणि दुखावलेल्या कल्ल्यांना तेवढाही पुरत नाही. दोन्ही बदल चार तासांच्या अंतराने झाले. पहाटे किटने कोऱ्या नमुन्याच्या किंचित वरचा रंग दाखवला, म्हणजे खरा अमोनिया पाव मिलिग्रॅमच्या आसपास आणि मुक्त अमोनिया 0.02 च्या खाली आला होता.

दुसऱ्या बदलानंतर काही तासांतच ब्लू टँगचे श्वास मिनिटाला शंभराच्या खाली उतरले. तांबे तेवढेच असताना सुधारणा झाल्यामुळे त्याच्या बाबतीत अमोनिया हेच मुख्य कारण धरता आले. फायरफिश मात्र बुधवारी पहाटे मेलेला आढळला. सूक्ष्मदर्शक नसल्याने त्याचे कल्ले तपासता आले नाहीत आणि त्याच्या मृत्यूचे कारण निश्चित म्हणता येत नाही.

शुक्रवारी ओळखीतल्या एका टाकीतून चालता स्पंज आणला. त्या टाकीत मासे भरपूर होते, रोज नीट खाद्य पडत होते आणि वर्षभरात नवा मासा आलेला नव्हता. ज्या आजारांवर तांबे चालत नाही ते त्यातून येण्याची थोडी शक्यता होती. रोज अमोनियाशी झुंजत राहण्यापेक्षा ती पत्करणे बरे, असे सर्वांचे मत पडले. हा स्पंज आल्यावर तांबे दोन दिवसांत 2 वर नेले आणि उपचाराचे दिवस मोजायला सुरुवात झाली.

निष्पत्ती

पहिल्या आठवड्यात रोज 30 लिटर पाणी बदलावे लागले. म्हणजे दररोज सुमारे 1.1 किलो मीठ आणि तांब्याची नवी मोजणी. खाद्य कोरड्या पेलेटऐवजी गोठवलेल्या मायसिसवर (कोळंबीसारखे बारीक जीव) आणले, तेही मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच. पाण्याचा अंश अधिक असल्याने मायसिसच्या एका ग्रॅममध्ये प्रथिने पेलेटच्या जेमतेम पाव असतात, त्यामुळे रोजची भर तेवढ्याच प्रमाणात घटली. दुसऱ्या आठवड्यात अमोनिया कोऱ्या नमुन्याच्या पातळीवर टिकू लागला आणि नायट्राइट, म्हणजे जिवाणू अमोनियापासून बनवतात तो पदार्थ, दिसू लागले. ते पाहून कुटुंब पुन्हा घाबरले. परंतु समुद्री पाण्यातले विपुल क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही, म्हणून त्यासाठी पाणी बदलले नाही. पुढच्या दहा-बारा दिवसांत ते आपोआप ओसरले.

तांबे 2 च्या वर सलग 30 दिवस ठेवले. ब्लू टँग आणि क्लाउनफिशची जोडी त्यानंतर निरीक्षणाचा काळ संपवून मुख्य टाकीत गेली आणि तिथे त्यांच्यावर ठिपके दिसले नाहीत.

काय वेगळे करता आले असते

स्पंजची परीक्षा मासे येण्याआधी घेता आली असती. रिकाम्या क्वारंटाइन टाकीत अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया 2 मिलिग्रॅमवर न्यायचा आणि चोवीस तासांनी पुन्हा मोजायचा. आकडा शून्याजवळ आला तर स्पंज तयार आहे, नाही आला तर मासे आणायचे नाहीत. या टाकीत हे केले असते तर निकाल पहिल्याच दिवशी स्पष्ट झाला असता. माशांविना ठेवलेल्या टाकीच्या संपमध्ये स्पंज वाढवायचा असेल तर तिथेही असाच थोडा अमोनिया किंवा नियमित खाद्य पुरवावे लागते.

तांबे घाईने सुरू करण्याची गरज नव्हती. एकाही माशावर रोगाची खूण नव्हती. मासे खाऊ लागेपर्यंत आणि अमोनिया सलग काही दिवस शून्यावर दिसेपर्यंत थांबले असते, तर अमोनिया बांधणारी बाटलीही हाताशी राहिली असती आणि जिवाणूंना सुरुवातीलाच तांब्याचा धक्का बसला नसता. रोग दिसत असेल तर मात्र हे थांबणे परवडत नाही आणि तेव्हा पहिल्या दिवसापासून रोजच्या पाणीबदलाची तयारी हवी. 100 लिटरच्या टाकीला किमान 100 लिटर तयार खारे पाणी पिंपात असल्याशिवाय औषध सुरू करू नये, असे मी आता सांगतो.

मापनही आधीच सुरू व्हायला हवे होते. रविवारी आणि सोमवारी चाचणी झालीच नाही. सोमवारी 0.7 चा आकडा दिसला असता आणि 30 लिटरच्या एका बदलात तो आटोक्यात आला असता. फक्त मुक्त अमोनियाला रंग बदलून दाखवणारी चकती काचेला आतून चिकटवून ठेवली असती तरी सोमवारीच इशारा मिळाला असता. किटच्या कोऱ्या नमुन्याचा आकडा औषध सुरू होण्याआधी एकदा आणि नंतर एकदा घेऊन वहीत लिहिला, तर रात्री उशिरा फोनवर वजाबाकी करत बसावे लागत नाही.

कुटुंब आता नवा स्पंज मासे असलेल्या मुख्य टाकीच्या संपमध्ये कायम ठेवते. तांब्याच्या टाकीत राहिलेले दोन्ही स्पंज त्यांनी टाकून दिले, कारण त्यात मुरलेले तांबे पाझरले तर श्रिंप आणि गोगलगाई जगत नाहीत.